अपघाताचा क्लेम टाकावा की नाही, हे कसं ठरवायचं

रस्त्यावर अपघात होऊन माणूस घरी आला की आठवडाभरात दोन तट पडतात. एक म्हणतो, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. दुसरा म्हणतो, सोडायचं नाही त्या गाडीवाल्याला. दोघांचाही प्रश्न चुकतो. गाडीवाल्याला शिक्षा व्हायची की नाही हे फौजदारी खटल्यात ठरतं, आणि तो पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यावर चालतो. भरपाईचा क्लेम म्हणजे निव्वळ हिशेब. नुकसान किती, कोणत्या कलमाखाली किती मिळू शकतं, ते सिद्ध करायला हाताशी काय आहे आणि पैसे देणार कोण, एवढंच त्यात पाहायचं. महाराष्ट्रात हे क्लेम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. बोलताना सगळे त्याला एमएसीटीच म्हणतात.

ठरवायला थोडा वेळ हातात असतो, पण दोन गोष्टींना उशीर चालत नाही.

पहिली गोष्ट सह्यांची. गाडीवाल्याकडची माणसं दवाखान्यात येतात, फळं आणतात, बिलातले दहा-पंधरा हजार भरतात आणि शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून मागतात. अशा कागदानं कायद्यातला हक्क आपोआप संपत नाही. पण पुढं विमा कंपनीचा वकील तो कागद तुमच्यासमोर धरून उलटतपासणी करतो आणि अपघात किरकोळ होता असं म्हणायला त्याला वाव मिळतो. बिल भरू द्या, पावती ठेवा, सही करू नका.

दुसरी गोष्ट केसपेपरची. भरती करताना डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" सोबतचा माणूस घाईत सांगतो, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तेच जातं. तीन आठवड्यांनी पोलिसांत टेम्पोनं धडक दिल्याची तक्रार होते आणि विमा कंपनीला तयार बचाव मिळतो: टेम्पो नंतर आणून उभा केला. म्हणून भरती करतानाच कोणत्या वाहनानं, कुठं आणि किती वाजता धडक दिली हे नोंदवायला सांगा. दवाखान्यातून एमएलसी (अपघाताच्या रुग्णाची पोलिसांना दिली जाणारी मेडिको-लीगल नोंद) पोलीस चौकीला गेली का तेही विचारा. चुकीची नोंद झालीच असेल तर जबाब लवकरात लवकर द्या आणि उशीर का झाला ते त्यातच लिहून घ्या. माणूस आयसीयूत होता, हे कारण कोणालाही पटतं. दोन महिने "बघू" म्हणत बसलो, हे पटत नाही.

उपचाराचे पैसे ही त्या दिवसांतली खरी धास्ती असते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळतात. भरती होतानाच त्याची चौकशी करा. हे पैसे घेतले म्हणून क्लेमचा हक्क जात नाही.

मुदत

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे क्लेमचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. आधी अशी मुदत नव्हती. त्यामुळं गावाकडं अजूनही "दोन-तीन वर्षांनी टाकला तरी चालतो" असं सांगणारे भेटतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

अडचण अशी की सहा महिन्यांत हाड पूर्ण जुळलेलंही नसतं आणि अपंगत्वाचा दाखला सहसा उपचार संपल्यावरच मिळतो. मग रक्कम लिहायची कशी? अंदाजानं लिहा आणि अर्ज दाखल करून टाका. दाखला पुराव्याच्या वेळी देता येतो. मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त भरपाई देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. दाखल्याची वाट पाहत मुदत घालवणं ही यातली सगळ्यात महागडी चूक.

पोलिसांचंही एक वेळापत्रक आहे. अपघात कळल्यापासून ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडं जायला हवा. हा अहवालच क्लेमचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात अहवाल गेला का, आणि त्यात तुमचं उत्पन्न, जखमा, विम्याचा तपशील बरोबर आहे का, हे तपास अधिकाऱ्याला स्वतः विचारावं लागतं. चौथा महिना संपेपर्यंत अहवाल पोहोचल्याचं कळलं नाही, तर आपला अर्ज आपण टाकायचा.

वाट कोणती

बहुतेक लोकांना वाटतं, क्लेम म्हणजे एकच प्रकार. खरं तर मोटार वाहन कायद्यात तीन दारं आहेत आणि निर्णयाचा अर्धा भाग योग्य दार निवडण्यात आहे.

गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तर कलम १६१. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. यासाठी कोर्टात जायचं नसतं. अपघात जिथं घडला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा. पुढं गाडी सापडून दुसऱ्या कलमाखाली भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

गाडी माहीत आहे आणि दुखापत गंभीर आहे, तर कलम १६४. इथं चूक कोणाची हे सांगावंही लागत नाही आणि सिद्धही करावं लागत नाही. गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, मृत्यूसाठी पाच लाख, ठरलेली रक्कम. गंभीर दुखापत म्हणजे कायद्याच्या व्याख्येतली, आणि हाड किंवा दात मोडणं तिच्यात बसतं. साधं खरचटणं, मुका मार, दोन टाके बसत नाहीत.

कलम १६६ हे तिसरं दार. इथं समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, वेळ लागतो. रकमेला मात्र वरची मर्यादा नाही.

आता सापळा. कलम १६४ ची रक्कम विमा कंपनीकडून कलम १४९ च्या पद्धतीनं (कंपनीनं तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा आणि तुम्ही तो मान्य करायचा) स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. "आत्ता अडीच लाख घ्या, बाकीचं पुढं बघू" असं कोणी म्हणालं तर पुढं बघायला काही उरलेलं नसतं. म्हणून आधी हिशेब, मग सही.

हिशेब मांडून पाहू

एक ३४ वर्षांचा प्लंबर धरू. महिन्याला १८,००० रुपये कमाई. मागून आलेल्या पिकअपची धडक बसली, डाव्या घोट्याजवळची हाडं मोडली, प्लेट आणि स्क्रू बसवले. पाच महिने काम बंद.

न्यायाधिकरण साधारण असं मोजतं. स्वतंत्र धंदा आणि वय चाळीसच्या आत असल्यामुळं भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे. १८,००० चे झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वय ३१ ते ३५ साठी गुणक (वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्यानं गुणायचं तो आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. या रकमेवर कमाईची क्षमता जितके टक्के घटली तितके टक्के भरपाई. क्षमता २० टक्के घटली असं सिद्ध झालं तर ९,६७,६८०.

त्यात भर: दवाखाना व औषधं १,८५,००० (बिलं आहेत तेवढीच), पाच महिन्यांची बुडालेली कमाई ९०,०००, सोबतीला माणूस, रिक्षाभाडं आणि खास आहार ४०,०००, वेदना व यातनांसाठी समजा ७५,०००. बेरीज १३,५७,६८०. प्लेट काढायची शस्त्रक्रिया पुढं करायची असेल तर सर्जनकडून खर्चाचा अंदाज लेटरहेडवर घ्यायचा, तो वेगळा धरतात.

अडीच लाखांसमोर साडेतेरा लाख. या माणसानं कलम १६६ खाली क्लेम टाकलाच पाहिजे.

गुणक तुमच्या वयाचा घ्या. २५ वर्षांपर्यंत १८, तिशीपर्यंत १७, पस्तिशीपर्यंत १६, चाळिशीपर्यंत १५, ४५ पर्यंत १४, पन्नाशीपर्यंत १३, मग ५५ पर्यंत ११, साठीपर्यंत ९, ६५ पर्यंत ७ आणि त्यापुढं ५. हे कोष्टक सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये घालून दिलं. वाढीचे टक्के २०१७ च्या निकालातून येतात. स्वतंत्र धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर चाळिशीच्या आत ४०, चाळीस ते पन्नास २५, पन्नास ते साठ १०. कायम नोकरी असेल तर ५०, ३० आणि १५.

आता दुसरा माणूस घ्या. कॉलेजचा मुलगा, कॉलरबोन मोडलं, पट्टा बांधून दोन महिन्यांत हात पूर्ववत. बिल ४८,०००, कमाई नव्हतीच, अपंगत्व शून्य. कलम १६६ खाली सगळं मिळून लाख-सव्वा लाखाच्या पुढं जाणं कठीण, आणि तेही साक्षीपुराव्यानंतर. कलम १६४ खाली ठरलेले अडीच लाख. चूक कोणाची हा वादच नको. अशा दुखापतीत वर्षानुवर्षं लढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

टक्का कोणता

वरच्या हिशेबातला २० टक्के हा आकडाच सगळं ठरवतो. तो ८ टक्के झाला तर ९,६७,६८० चे ३,८७,०७२ होतात. म्हणून हा टक्का कसा ठरतो ते नीट समजून घ्या.

दाखल्यावर डॉक्टर लिहितात: "डाव्या पायाचं ३० टक्के कायम अपंगत्व." साक्षीला आल्यावर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "डॉक्टरसाहेब, हे ३० टक्के त्या पायाचे की पूर्ण शरीराचे?" दुसरा प्रश्न, "अर्जदारावर उपचार तुम्हीच केले होते का?" दोन्हींची उत्तरं तयार नसली तर दाखल्याचं वजन निम्म्यानं उतरतं. शरीराचा टक्का वेगळा, आणि कमाई घटल्याचा टक्का त्याहून वेगळा. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे उदाहरणासह सांगितलं आहे: डावा हात गेलेला माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई पूर्णच बुडू शकते, आणि तोच सरकारी कार्यालयातला कारकून असेल तर नोकरी टिकून कमाईत काहीच घट न होण्याची शक्यता असते.

म्हणजे आपल्या प्लंबरनं "पाय दुखतो" एवढंच सांगून भागत नाही. बेसिनखाली उकिडवं बसता येत नाही, शिडीच्या पायरीवर घोटा वळत नाही, टाकीवर चढायचं काम आता भावाला द्यावं लागतं, त्याला रोज किती द्यावे लागतात, हे साक्षीत यायला हवं. घोट्याची हालचाल किती अंशांनी कमी झाली हे डॉक्टरांच्या नोंदीत हवं. दाखला शक्यतो उपचार करणाऱ्या सर्जनचा किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाचा घ्या, आणि देणारे डॉक्टर साक्षीला येतील का हे दाखला घेण्याआधी विचारा. दाखले छापून देणारे आणि कोर्टाचं नाव काढताच फोन न उचलणारेही असतात.

कारकून, शिक्षक, बँकेतला माणूस, ज्याची नोकरी टिकली आणि पगारही कमी झाला नाही, त्यानं हा टक्का शून्याच्या जवळ धरूनच हिशेब करावा. वेदना, खर्च आणि कापलेली रजा यांचेच पैसे त्याला दिसतील.

कमाईचा पुरावा

आयकर विवरणपत्र असेल तर प्रश्न सुटतो. पण ते अपघाताआधी भरलेलं हवं. अपघातानंतर घाईनं भरलेल्या वाढीव विवरणपत्राकडं न्यायाधीश संशयानंच पाहतात. नसेल तर बँकेचं स्टेटमेंट, मोबाइलवर गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, गुमास्ता परवाना, ठेकेदाराचा दाखला आणि तो ठेकेदार साक्षीला. शेतकऱ्यानं सातबारासोबत आडतीच्या पट्ट्या आणि साखर कारखान्याची बिलं द्यावीत. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास काल्पनिक उत्पन्न धरतं. गृहिणीचंही धरतं. "बाई घरीच असते, तिचं काय नुकसान" हा समज सोडून द्या.

बिलांबाबत एक बारीक गोष्ट. मेडिक्लेममधून दवाखान्याचं बिल भागलं असेल तर मूळ बिलं विमा कंपनीकडं जातात, म्हणून त्याआधी दवाखान्याकडून साक्षांकित प्रती काढून घ्या. मेडिक्लेमचे मिळालेले पैसे या भरपाईतून वजा करायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२५ मध्ये सांगितलं आहे. औषधांच्या पावत्या चिठ्ठीसोबत टाचा. नुसत्या पावत्यांवर नाव नसतं आणि त्या गळतात. एक्स-रेच्या मूळ फिल्म जपा, अपघातानंतरच्या आणि हाड जुळल्यानंतरच्याही.

पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, कॉम्प-एए फॉर्म (अपघात, गाडी आणि विम्याचा तपशील असलेला पोलिसांचा फॉर्म) आणि जखम प्रमाणपत्राच्या प्रती आणा. पंचनाम्यातलं रेखाचित्र लगेच वाचा. गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला दाखवली आहे, ब्रेकच्या खुणा कुठं आहेत, यावरच पुढं चुकीची टक्केवारी ठरते. गाडीचा नंबर एफआयआर, पंचनामा आणि आरसी या तिन्हीत एकच आहे ना हेही बघा. एका आकड्याच्या फरकानं क्लेम लोंबकळतो.

चूक तुमचीही असेल तर

थोडी चूक असली तरी क्लेम जात नाही, फक्त तेवढा हिस्सा वजा होतो. आपल्या प्लंबरची २५ टक्के चूक ठरली तर १३,५७,६८० चे १०,१८,२६० होतात. तरीही अडीच लाखांच्या चौपट. ट्रिपल सीट होतो, एवढ्यावरून आपोआप कपात होत नाही. त्यामुळं अपघात घडला किंवा मार वाढला असा संबंध दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे. मागं बसलेल्याचं तर आणखी सोपं. दोन गाड्यांच्या चुकीत तो जखमी झाला तर कोणत्याही एका गाडीकडून पूर्ण रक्कम मागू शकतो.

चूक बहुतांशी तुमचीच असेल आणि हाड मोडलं असेल तर १६६ चा नाद सोडा, १६४ कडं वळा.

देणार कोण

कितीही मोठा निकाल लागला तरी पैसे देणारा हवा. गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहनवर टाकला की अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का ते बहुधा कळतं. विमा होता तर देणारा आहे. चालकाचा परवाना खोटा किंवा संपलेला निघाला तरी घाबरू नका. अशा वेळी न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. एसटीची बस असेल तर विमा कंपनी शोधत बसू नका. महामंडळालाच सामनेवाला करा.

विमा नसेल तर निकाल फक्त मालकाविरुद्ध होतो. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते, पण मालकाकडं जप्त करण्याजोगं काही हवं ना. टाकण्याआधी त्याच्या नावावर घर, जमीन, इतर गाड्या आहेत का पाहा. काहीच नसेल, तर कोर्टाबाहेर हप्त्यानं मिळणारी बरी रक्कम नाकारताना दोनदा विचार करा.

नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून गाडी घसरली, बायकोचा हात मोडला, तर आधी पॉलिसी उघडा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत मागं बसलेल्याची जबाबदारी सहसा येत नाही, पॅकेज पॉलिसीत येते. आणि स्वतःचीच गाडी स्वतःच्या चुकीनं घसरली तर १६६ नाही. १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असेल तर ते मृत्यू, हात-पाय किंवा डोळा गमावणं आणि पूर्ण कायम अपंगत्व यांसाठीच असतं. नुसत्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही.

कामावर असताना अपघात झाला असेल तर कर्मचारी भरपाईची तरतूद (आधी तिचा वेगळा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे) किंवा मोटार वाहन कायदा, दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. दोन्हींचा आकडा काढून मगच अर्ज करा.

वकील आणि तडजोड

"एक पैसा देऊ नका, मिळाले की तीस टक्के" असं सांगत दवाखान्यातच गाठणारे एजंट असतात. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. फी आकड्यात ठरवा, ती कोणत्या टप्प्याला किती ते लिहून घ्या, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही देऊ नका. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज अपघाताच्या जिल्ह्यातच करायला हवा असंही नाही. पुण्याच्या माणसाला साताऱ्याजवळ अपघात झाला तर तो पुण्यातच क्लेम टाकू शकतो. हेलपाट्यांच्या भीतीनं क्लेम सोडणाऱ्यांना हे बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

मध्येच कधीतरी विमा कंपनीचा आकडा येईल, बहुधा लोकअदालतीच्या आधी. समजा आपल्या प्लंबरला नऊ लाख देऊ केले. त्याचा पूर्ण हिशेब १३,५७,६८०, आणि व्याज ७ टक्के धरलं तर तीन वर्षांचं सुमारे २,८५,०००. पण डॉक्टर साक्षीला यायला टाळतोय आणि कमाईचा कागद म्हणजे एका ठेकेदाराची चिठ्ठी, तर टक्का १० वर आणि कमाई १४,००० वर येऊ शकते, आणि मग व्याज सोडून सगळं मिळून साडेसात लाखांच्या आसपास उरतात. तिथं नऊ लाख वाईट नाहीत. डॉक्टरांची साक्ष भक्कम झालेली असेल तर नऊ लाख नाकारावेत. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून रक्कम व्याज धरून की सोडून, किती दिवसांत जमा होणार आणि त्यातली किती मुदत ठेवीत अडकणार, हे तडजोडपत्रात लिहून घेऊनच सही करा.